देवाची पूर्वीची कृत्ये आठवावीत कशी

मार्काच्या शुभवर्तमानातील ८व्या अध्यायात एक लहानसा प्रसंग आहे. शिष्य येशूबरोबर तारवात बसून सरोवर ओलांडत आहेत, भाकरी घेण्यास ते विसरले आहेत आणि त्यांच्याजवळ एकच भाकरी आहे. त्यावरून त्यांची आपसांत कुजबुज सुरू होते. तेव्हा येशू त्यांना दोन प्रश्न विचारतो. पाच हजारांना पाच भाकरी मोडून दिल्या, तेव्हा तुकड्यांच्या किती टोपल्या उचलल्या? ते म्हणतात, बारा. चार हजारांना सात भाकरी दिल्या, तेव्हा किती? ते म्हणतात, सात. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. आकडा चुकलेला नाही, प्रसंग विसरलेला नाही, आणि तरीही येशू त्यांना विचारतो की, तुम्हांला आठवत नाही काय?

हा प्रश्न नीट ऐकला म्हणजे पुढचे सारे काम कोणते आहे ते कळते. शिष्यांना माहिती होती, पण ती बारा टोपल्यांची माहिती त्या एका भाकरीपर्यंत पोहोचली नव्हती. पवित्र शास्त्राच्या भाषेत आठवणे म्हणजे गेलेली गोष्ट डोक्यात असणे एवढेच नव्हे. उत्पत्तीच्या ८व्या अध्यायात देवाला नोहाची आठवण झाली असे म्हटले आहे आणि लगेच पुढे, देवाने पृथ्वीवर वारा वाहवला व पाणी ओसरू लागले, असे येते. आठवणे आणि त्याप्रमाणे हालचाल करणे ही तेथे जवळजवळ एकच क्रिया आहे. म्हणून पुढे जी रीत सांगितली आहे तिचा हेतू कालच्या टोपल्या आजच्या भाकरीशेजारी आणून ठेवणे हा आहे. ही सवय संकट येण्याआधी लावून घ्यावी लागते, कारण ऐन भीतीच्या वेळी माणसाला स्वतःचा दूरध्वनी क्रमांकही आठवत नाही, तेथे देवाचे उपकार कोठून आठवणार?

सुरुवात शास्त्रापासून करावी

बहुतेक जण आठवण म्हटली की स्वतःच्या आयुष्यापासून आरंभ करतात. माझ्या मते ही वाट उलटी आहे. स्वतःच्या अनुभवाचा अर्थ आपण मनःस्थितीप्रमाणे बदलत असतो. चांगल्या दिवशी ज्याला आपण देवाचे साहाय्य म्हणतो, त्यालाच वाईट दिवशी योगायोग म्हणून मोकळे होतो. शास्त्रात नोंदलेली कृत्ये आपल्या मनःस्थितीवर अवलंबून नाहीत, म्हणून पाया तेथे घालावा.

यासाठी स्तोत्र ७७ हा सर्वांत चांगला पाठ आहे. ते आसाफ नावाच्या स्तोत्रकाराचे स्तोत्र आहे आणि त्यातील माणूस रात्रभर जागा आहे. येथे एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. तिसऱ्या वचनात तो म्हणतो की देवाची आठवण झाली की मी कण्हतो. म्हणजे आठवणीने त्याला लगेच बरे वाटलेले नाही, उलट जखम अधिक दुखली आहे. ज्यांनी एकदा प्रयत्न करून, आठवून तर त्रासच होतो, असे म्हणत सोडून दिले, त्यांनी हे वचन लक्षात ठेवावे. त्यानंतर ७ ते ९ या वचनांत तो ओळीने सहा प्रश्न विचारतो. प्रभू कायमचा टाकून देईल काय, तो पुन्हा कधीच प्रसन्न होणार नाही काय, त्याची दया संपली काय, त्याचे वचन वाया गेले काय, कृपा करण्याचे तो विसरला काय, रागाने त्याने आपला कळवळा बंद करून टाकला काय? प्रश्न कडू आहेत, पण ते गाळून पुढे जाऊ नये. तक्रार दाबून केलेली आठवण ही वरवरची मलमपट्टी ठरते.

११व्या वचनात वळण येते आणि ते भावनेचे नसून निश्चयाचे आहे: मी परमेश्वराची कृत्ये आठवीन. त्याच वाक्यात बोलणे बदलते. जो देवाविषयी बोलत होता तो देवाशी बोलू लागतो आणि 'त्याची कृत्ये' या शब्दांची जागा 'तुझे चमत्कार' हे शब्द घेतात. मग तो एकच प्रसंग निवडतो. निर्मितीपासून त्याच्या स्वतःच्या काळापर्यंतची सगळी यादी तो वाचत नाही. इस्राएल लोक मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, निघाले तेव्हा समुद्र दुभंगला ती एक घटना तो घेतो आणि तिच्यापाशी थांबतो. जलांनी तुला पाहिले आणि ती घाबरली, मेघांनी पाणी ओतले, गडगडाट झाला, पृथ्वी कापली, असे तो पाहून सांगितल्यासारखे सांगतो, आणि १९व्या वचनात म्हणतो की तुझी वाट समुद्रातून होती, पण तुझी पावले कोणाला दिसली नाहीत. शेवटी मोशे व अहरोन यांच्या हाताने तू आपल्या लोकांना कळपाप्रमाणे नेलेस, एवढे म्हणून स्तोत्र एकदम थांबते. त्याच्या संकटाचे काय झाले ते कळतच नाही.

आता हेच स्वतः करून पाहावे. संध्याकाळी किंवा झोप न येणाऱ्या रात्री आधी आपली तक्रार मोठ्याने, पूर्ण वाक्यांत बोलावी. मग शास्त्रातील एकच प्रसंग निवडावा. तो देवाला उद्देशून, 'तू' म्हणून, निदान पाच-सहा वाक्यांत सांगावा: कोण अडचणीत होते, त्यांच्याजवळ काय उरले होते, तू काय केलेस, त्यांना ते त्या वेळी कळले होते का. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा 'नाही' असे येते, आणि तेथे थोडे रेंगाळावे. न दिसलेल्या पावलांची गोष्ट आसाफाने उगीच घातलेली नाही. प्रसंग सांगून झाला की तेथेच थांबावे. त्यावरून आपल्या अडचणीचे उत्तर काढण्याची घाई करू नये.

प्रसंग निवडताना अडचणीशी त्याचे काही नाते असावे. अन्नवस्त्राची चिंता असेल तर शास्त्रातील अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या ८व्या अध्यायातील, रानातल्या प्रवासात चाळीस वर्षे न विरलेले कपडे आणि न सुजलेले पाय हा तपशील घ्यावा. समुद्र दुभंगण्यापुढे तो किरकोळ वाटतो, पण ज्याला रोज सकाळी तीच वाट चालायची आहे त्याला न सुजलेल्या पायांचा आधार अधिक जवळचा वाटतो. देव कोठेच दिसत नाही असे वाटत असेल तर एस्तेरचे पुस्तक घ्यावे. त्याच्या हिब्रू पाठात देवाचे नाव एकदाही येत नाही, राजाला एका रात्री झोप लागत नाही एवढेच घडते आणि तेथून सारे पारडे फिरते.

वही: उत्तर येण्याआधी लिहिण्याची

स्वतःच्या आयुष्यातील कृत्यांसाठी वही हवी. आठवणींवर भिस्त ठेवून हे काम होत नाही. वही कोणतीही चालेल, पण ती एकच असावी आणि तिच्यात दुसरे काही लिहू नये. मोबाईलमधील टिपणवहीपेक्षा मी कागदाला झुकते माप देतो, कारण कागदावरचे अक्षर त्या दिवशीची अवस्था जपते. घाईत, भीतीत किंवा थकव्यात लिहिलेले अक्षर वेगळे दिसते आणि पुढे तेही बोलते.

सर्वांत महत्त्वाचा नियम असा की नोंद उत्तर मिळाल्यावर सुरू करायची नाही. डावे पान मागणीसाठी आणि उजवे पान पुढे घडेल त्यासाठी ठेवावे. डाव्या पानावर तारीख, काय हवे आहे, कशाची भीती वाटते आणि देवाकडे नेमके काय मागितले हे लिहावे. 'माझ्या कुटुंबाला आशीर्वाद दे' अशा मागणीची नोंद करून उपयोग नाही, कारण तिचे उत्तर आले की नाही ते कधीच कळणार नाही. 'येत्या महिन्यात भाडे कसे भरायचे ते दिसत नाही, वाट दाखव' अशी मागणी लिहावी. उजवे पान कोरे राहू द्यावे. काही दिवसांनी, काही महिन्यांनी किंवा काही वर्षांनी जे घडले ते तेथे लिहावे, आणि ते ज्या माणसांच्या हातून घडले त्यांचाही उल्लेख करावा. आसाफाच्या स्तोत्रातही देवाने लोकांना मोशे व अहरोन यांच्या हातूनच नेले आहे. साहाय्य शेजाऱ्याच्या हातून आले म्हणून ते देवाचे उरत नाही असे नाही.

आधी लिहिण्याचा आग्रह का धरावा, हे मला स्वतःच्या वहीने शिकवले. काही वर्षांपूर्वी वडिलांची मोठी शस्त्रक्रिया झाली. ते बरे झाले, आणि त्यानंतर मंडळीत, म्हणजे विश्वासणाऱ्यांच्या सभेत, साक्ष देताना, म्हणजे देवाने काय केले ते सांगताना, मी दोनतीनदा सांगितले की, त्या रात्री बाहेर बसलो असताना मला पूर्ण शांती होती. मी खोटे बोलत नव्हतो, मला खरोखर तसेच आठवत होते. पुढे एकदा वही चाळताना त्या रात्रीचे पान निघाले. वेळ घातली होती, २ वाजून ४० मिनिटे. खाली लिहिले होते: 'हात थरथरत आहेत. स्तोत्र उघडले आहे, अक्षरे दिसतात, अर्थ लागत नाही. प्रार्थना होत नाही. फक्त "प्रभू, प्रभू" एवढेच तोंडून निघते.' त्या पानाच्या कडेला चहाचा डागही होता, बहुधा पेला हातात धड धरता आला नसावा.

वर्षांच्या ओघात माझ्या आठवणीने मला धीराचा माणूस करून टाकले होते. वरवर पाहता ही चूक निरुपद्रवी वाटते, पण तिचा परिणाम मी भोगला आहे. मधल्या काळात दुसरे एक संकट आले, तेव्हा मी घाबरलो आणि मनात आले की, तेव्हा शांती होती म्हणून देवाने ऐकले, आता शांती नाही, आता तो कसा ऐकेल? चकचकीत केलेल्या आठवणीने देवाच्या कृत्याला माझ्या धीराची अट जोडली होती. पान वाचल्यावर ती अट गळून पडली. ज्याला धड प्रार्थनाही करता येत नव्हती त्याचे त्याने ऐकले होते. तेव्हापासून मी साक्ष देण्याआधी पान वाचतो.

नोंद करताना अलंकार वापरू नयेत. 'देवाने अद्भुत रीतीने' असे लिहिण्यापेक्षा काय घडले ते लिहावे. अद्भुत असेल तर ते वाचताना दिसेलच. जेथे देवाचा हात होता की नाही याविषयी स्वतःलाच खात्री नाही, तेथे पुढे प्रश्नचिन्ह ठेवून नोंद करावी. वही ही न्यायालयात दाखल करण्याची नाही, तिथे शंकेला जागा असली तर बिघडत नाही.

महिन्यातून एकदा मागची पाने चाळावीत आणि वर्षातून एकदा वही पहिल्या पानापासून वाचावी. या वाचनासाठी ठरलेला दिवस असावा, नाहीतर ते होत नाही. वाढदिवस, वर्षाची अखेर किंवा ज्या दिवशी एखादे मोठे साहाय्य झाले ती तारीख, काहीही चालेल.

धोंडे

यहोशवाच्या ३ऱ्या व ४थ्या अध्यायांत इस्राएल लोक यार्देन ओलांडतात. कापणीचे दिवस आहेत, नदी दुथडी भरून वाहत आहे. याजकांचे पाय पाण्याला लागतात तसे पाणी वरच्या बाजूला थांबते आणि लोक कोरड्या जमिनीवरून पार जातात. मग बारा वंशांतून बारा माणसे निवडली जातात. याजकांचे पाय जेथे स्थिर राहिले होते, त्याच ठिकाणाहून प्रत्येकाने एक धोंडा खांद्यावर उचलून पलीकडे न्यायचा आहे. हे धोंडे गिलगाल येथे उभे केले जातात, आणि कारणही सांगितले जाते: पुढे तुमची मुले विचारतील की हे धोंडे कशाचे, तेव्हा त्यांना सांगा.

दोन बारकावे कामाचे आहेत. पहिला असा की धोंडे किनाऱ्यावरून उचललेले नाहीत. ते नदीच्या तळातून, जेथे एरवी माणूस बुडाला असता तेथून आणलेले आहेत. आठवणीची वस्तू निवडायची झाल्यास ती अडचणीतूनच आलेली असावी: दवाखान्यात मनगटाला बांधलेली पट्टी, नोकरी गेल्याचे पत्र, रिकाम्या करून दिलेल्या घराची किल्ली. शोभेची वस्तू हे काम करीत नाही. दुसरा बारकावा असा की धोंड्यांवर काही लिहिल्याचा उल्लेख नाही. त्यांनी उत्तर द्यायचे नाही, प्रश्न उपस्थित करायचा आहे. म्हणून वस्तू घरात अशा जागी असावी की मुले किंवा पाहुणे सहज विचारतील, आणि आपले उत्तर चारपाच वाक्यांत संपेल असे तयार असावे. व्याख्यान सुरू झाले की मूल पुन्हा विचारीत नाही.

या वाटेवर एक खड्डा आहे तो सांगितला पाहिजे. गणना या पुस्तकाच्या २१व्या अध्यायात मोशेने पितळेचा साप करून खांबावर टांगला आणि सर्पदंश झालेले लोक त्याच्याकडे पाहून जगले. ती देवाच्या कृत्याची खरीखुरी खूण होती. पुढे कित्येक पिढ्यांनंतर २ राजे १८ मध्ये आपण वाचतो की हिज्कीया राजाने तो साप फोडून टाकला, कारण लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागले होते. खूण जपता जपता तिचीच पूजा सुरू झाली होती. आपली वस्तू जवळ नसली तर अस्वस्थ वाटू लागले, किंवा ती बरोबर असली की काम होते असे मनात येऊ लागले, तर ती फेकून द्यावी. वहीतील पान पुरेसे आहे.

सांगताना

आठवण सांगितल्याशिवाय टिकत नाही. शास्ते २:१० मध्ये, यहोशवाच्या बरोबरची पिढी गेल्यावर परमेश्वराला न ओळखणारी आणि त्याने इस्राएलासाठी केलेली कृत्ये ठाऊक नसलेली दुसरी पिढी उठली, असे म्हटले आहे. गिलगालचे धोंडे उभे होते, पण सांगणारे थांबले असावेत. स्तोत्र ७८ ही चूक टाळण्यासाठीच रचलेले दिसते. त्याची ७२ वचने पूर्वजांचे पराक्रम सांगत नाहीत, देवाची कृत्ये आणि पूर्वजांचा विसराळूपणा दोन्ही सांगतात. मुलांना सांगताना हेच प्रमाण ठेवावे. आपण कसे चुकलो, कसे घाबरलो हे गाळून सांगितलेली गोष्ट मुलांच्या काही कामाची नसते, कारण त्यांनाही भीती वाटते.

अनुवादाच्या ६व्या अध्यायात मुलाने विचारल्यावर बापाने द्यायचे उत्तर दिले आहे: आम्ही मिसरात फारोचे दास होतो. हे उत्तर देणाऱ्या कितीतरी पिढ्यांनी मिसर पाहिलाही नव्हता, तरी शब्द 'ते' असा नसून 'आम्ही' असा आहे. प्रभुभोजनाच्या विधीत येशूचे 'माझ्या स्मरणार्थ हे करा' हे शब्द ऐकताना मंडळीही हेच करते. तेथे कोणी नुसता श्रोता नसतो, भाकर प्रत्येकाच्या हातात येते. ज्याची स्वतःची वही अजून कोरी आहे, त्याने येथून आरंभ करावा. तो कोरा राहिलेला नाही, 'आम्ही' मध्ये त्याचाही वाटा आहे.

मंडळीत साक्ष देताना मात्र एक पथ्य पाळावे. आपल्या घरातील आजारी माणूस बरा झाला असेल, पण समोर बसलेल्यांपैकी कोणाच्या तरी घरातला गेलेला असतो. त्याच्यासाठीही तितक्याच कळवळ्याने प्रार्थना झालेली असते. म्हणून 'विश्वास ठेवला म्हणून झाले' असे म्हणू नये. काय झाले आणि देवाचे आभार, एवढे पुरे आहे.

जेव्हा आठवण उलटते

येथे सर्वांत अधिक वेळ द्यावा लागतो, आणि बरीच पुस्तके येथेच घाईने पुढे सरकतात. आठवण नेहमी विश्वासाकडेच नेते असे नाही. गणनेच्या ११व्या अध्यायात रानातील लोकांनाही आठवण येते: मिसरातले फुकट मिळणारे मासे, काकड्या, खरबुजे, कांदे, लसूण. जिन्नस खरे असतील, पण दास्य, विटा आणि नदीत फेकलेली मुले त्या आठवणीतून वगळली आहेत. पूर्वीचे दिवस किती चांगले होते असे मनात घोळू लागले की या यादीची आठवण ठेवावी आणि स्वतःला विचारावे की आपण देवाची कृत्ये आठवीत आहोत की काकड्या.

दुसऱ्या प्रकारची उलटी आठवण अधिक वेदनेची असते. स्तोत्र ४४ चा आरंभ, आमच्या वडिलांनी तुझी कृत्ये आम्हांला सांगितली, असा होतो आणि मध्येच, पण आता तू आम्हांला टाकले आहेस, असे रडणे सुरू होते. पूर्वीचा देव आणि आताचे दुःख यांतील अंतर आठवणीमुळेच वाढले आहे. गिदोनही मिद्यान्यांच्या भयाने द्राक्षकुंडात लपून गहू झोडत असताना देवदूताला तेच विचारतो: ज्या अद्भुत कृत्यांविषयी आमच्या वडिलांनी सांगितले ती सगळी आता कोठे आहेत? त्या प्रश्नासाठी गिदोनाला कोणी रागावत नाही. त्याला, तुझ्या याच बळाने जा, असे सांगून कामाला पाठवले जाते. तेव्हा असा प्रश्न मनात आला तर तोही तारीख घालून डाव्या पानावर लिहावा आणि उजवे पान मोकळे ठेवावे. माझ्या वहीत काही उजवी पाने अजून कोरी आहेत, आणि ती ओढूनताणून भरायची नाहीत हे मी ठरवले आहे.

तिसरी गोष्ट समजण्यास सर्वांत अवघड आहे. दावीद गल्याथ या पलिष्टी योद्ध्याशी लढायला जाण्याआधी शौल राजाला सांगतो की सिंहाच्या व अस्वलाच्या पंजातून ज्या परमेश्वराने मला सोडवले तो या पलिष्ट्याच्या हातूनही सोडवील. हा युक्तिवाद आपल्याला फार आवडतो: तेव्हा केले, आताही करील. पण हाच दावीद २ शमुवेल १२ मध्ये आजारी बाळासाठी उपास करून रात्रभर जमिनीवर पडून राहतो आणि सातव्या दिवशी बाळ मरते. दावीदाच्या ज्या पापाशी हे मरण जोडलेले आहे त्याची आणि त्याच्या परिणामाची कथा वेगळी आहे. येथे एवढेच लक्षात घ्यावे की सिंह-अस्वलाच्या आठवणीने प्रत्येक मागणीचे उत्तर ठरून जात नाही. बाळ गेल्यावर दावीद उठतो, अंघोळ करतो, वस्त्रे बदलतो आणि परमेश्वराच्या मंदिरात जाऊन नमन करतो. पूर्वीची कृत्ये देव कसा आहे ते सांगतात. तो पुढे नेमके काय करील याचे वेळापत्रक त्यांतून निघत नाही. वही वाचताना हा फरक पेन्सिलीने अधोरेखित करावा असा आहे. प्रत्येक जुन्या नोंदीखाली 'म्हणून आता अमुक होईल' असे न लिहिता 'यावरून तू असा आहेस' असे एक वाक्य लिहावे. माझ्या त्या रात्रीच्या पानाखाली मी पुढे लिहिले आहे: 'अडखळणाऱ्याचेही तू ऐकतोस.' हे वाक्य वडील बरे झाले नसते तरी मला लिहिता आले असते काय, याचा विचार मी अनेकदा केला आहे. विलापगीताच्या ३ऱ्या अध्यायात यरुशलेम जळून गेल्यावरही कोणीतरी कडू दवणा आणि विष यांची आठवण सांगून लगेच पुढे, हे मी मनात आणतो म्हणून मला आशा आहे, असे लिहिले आहे. तेथे नगर परत मिळालेले नाही.

यशयाच्या पुस्तकात याच अर्थाचा एक पेच आहे. ४३:१८ मध्ये, पूर्वीच्या गोष्टींचे स्मरण करू नका, मी नवे काही करीत आहे, असे देव म्हणतो आणि ४६:९ मध्ये, प्राचीन काळच्या गोष्टी आठवा, असेही म्हणतो. पहिल्या ठिकाणी आदल्याच वचनांत समुद्रातून काढलेल्या वाटेचा उल्लेख आहे. ती वाट विसरा असे नसून पुन्हा तशाच वाटेची अपेक्षा धरून बसू नका, या वेळी वाट रानातून निघेल, असा त्याचा रोख आहे. त्यामुळे गेल्या वेळी साहाय्य ज्या माणसाकडून आले त्याच्याच दाराकडे डोळे लावून बसू नये.

शमुवेलाने मिस्पा व शेन यांच्या दरम्यान उभ्या केलेल्या धोंड्याला एबन-एजर, म्हणजे साहाय्याचा धोंडा, असे नाव दिले आणि येथपर्यंत परमेश्वराने आम्हांला साहाय्य केले, असे तो म्हणाला. १ शमुवेल ४ मध्ये याच नावाच्या ठिकाणी इस्राएलाचा मोठा पराभव होऊन कराराचा कोश, म्हणजे देवाच्या कराराच्या पाट्या ठेवलेली पवित्र पेटी, पलिष्ट्यांच्या हाती गेला होता. म्हणजे पराभवाशी जोडलेले नाव त्याने टाळले नाही. 'येथपर्यंत' हा शब्दही मोजून वापरलेला आहे. वहीचे वार्षिक वाचन संपल्यावर शेवटच्या नोंदीखाली तारीख घालून हा एकच शब्द लिहावा.

बरे चालले असताना

अनुवादाच्या ८व्या अध्यायातील इशारा भुकेल्यांसाठी नसून पोट भरलेल्यांसाठी आहे: चांगली घरे बांधाल, गुरे वाढतील, सोनेरुपे वाढेल, तेव्हा विसरू नका. वहीत याचा पुरावा मिळतो. संकटाच्या महिन्यांत नोंदी दाट असतात आणि सुखाच्या महिन्यांत पाने कोरी. यावर साधा उपाय असा की, काही मागायचे नसले तरी आठवड्याला एक नोंद करायचीच.

आज रात्री करायचे

स्तोत्र १३६ उघडावे. त्यात २६ वचने आहेत आणि प्रत्येक वचनाच्या अखेरीस 'त्याची दया सनातन आहे' हे पालुपद येते. आकाश, सूर्य, चंद्र, मिसर, समुद्र, रान, सीहोन आणि ओग हे राजे अशा क्रमाने ते देशाच्या वतनापर्यंत येते. घरातील एकाने पहिला भाग वाचावा व इतरांनी पालुपद म्हणावे. एकटे असल्यास दोन्ही स्वतःच म्हणावे. २२व्या वचनापर्यंत वाचून थांबावे. मग वहीतील तीन नोंदी निवडून प्रत्येकीचे एक वाक्य करावे आणि त्यामागे पालुपद म्हणावे. निदान एक नोंद अशी घ्यावी की जिचे उजवे पान अजून कोरे आहे. तिच्या बाबतीत फक्त डावे पान वाचावे आणि पालुपद तरीही म्हणावे. आवाज अडला तर अडू द्यावा. त्यानंतर २३वे वचन वाचावे, जेथे आमच्या दैन्यावस्थेत त्याने आमची आठवण केली असे आहे, आणि पुढची तीन वचने संपवून दिवा मालवावा.